टोंगळ्याच्या वाटीला सांभाळणारा पदर

हा लेख वाचताना एक पाय समोर सरळ लांबवून बसा. मांडी अगदी सैल सोडा. आता दोन्ही हातांचे अंगठे वाटीच्या कडांवर ठेवून ती हळूच डावीकडे-उजवीकडे सरकवून पाहा. ती हलते. आता मांडी आवळा. वाटी वर ओढली जाते आणि जागच्या जागी घट्ट होते. मांडी पुन्हा सैल सोडा, वाटीच्या आतल्या कडेवरून बोट फिरवा, मग बाहेरच्या कडेवरून. कातडीखाली एक चिवट पातळ थर लागतो. वाटीपासून दोन्ही बाजूंना पसरत तो मांडीच्या आणि नळीच्या हाडाकडे जातो. आपल्याकडे टोंगळा दुखला की "गॅप पडला", "ग्रीस संपलं", "नस चढली" एवढंच बोलणं होतं. या थराचं नाव मात्र कोणी घेत नाही. हा लेख त्याच्याबद्दल आहे.

डॉक्टर त्याला रेटिनॅक्युलम म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ धरून ठेवणारा बंध. मराठीत मला त्यासाठी पदर हाच शब्द जवळचा वाटतो, कारण तो दोरीसारखा गोल नसतो, लुगड्याच्या पदरासारखा पसरट असतो आणि वाटीला दोन्ही बाजूंनी वेढून घेतो.

तो कशासाठी आहे, हे विहिरीवरच्या मोटेचं चाक आठवलं की लगेच कळतं. मांडीचे चार मोठे स्नायू वरून ओढतात, खाली नळीच्या हाडावर ती ओढ पोचते आणि मधे ही वाटी. शरीरातलं स्नायूच्या दोरात ओवलेलं हे सर्वांत मोठं हाड. चाकाच्या खाचेतून दोर सरकावा तशी वाटी मांडीच्या हाडाच्या टोकाशी असलेल्या खाचेतून वरखाली सरकते. पण मांडीचं हाड आणि नळीचं हाड अगदी एका रेषेत नसतात, टोंगळ्याशी त्यांचा थोडा कोन होतो. त्यामुळे मांडी आवळली की वाटी नेहमी थोडी बाहेरच्या अंगाला जायला पाहते. बायकांच्या बाबतीत हा कोन सरासरीने जास्त असतो. बैलजोडीतला एक बैल जोरकस असला की वखर त्याच्या बाजूला ओढला जातो, तशातला हा प्रकार. आतल्या बाजूचा पदर ही ओढ थोपवतो.

या आतल्या पदरातच एक खास पट्टी आहे. मांडीच्या हाडाच्या आतल्या उंचवट्यापासून निघून ती वाटीच्या आतल्या कडेच्या वरच्या भागाला लागते. लांबी पाच-सहा सेंटिमीटर. मेडियल पटेलोफीमोरल लिगामेंट हे तिचं पूर्ण नाव, दवाखान्यात एमपीएफएल म्हणतात. वाटी बाहेर निसटू नये म्हणून जेवढा विरोध लागतो त्यातला साधारण ५० ते ६० टक्के ही एकटी पट्टी देते, आणि तेही पाय जवळजवळ सरळ असताना, कारण तेव्हा वाटी खाचेत नीट उतरलेली नसते. टोंगळा वीस-तीस अंशांपुढे वाकला की वाटी खाचेत बसते आणि मग हाडच तिला सांभाळतं. पट्टी किती बळकट? प्रयोगशाळेत ओढून पाहिली तेव्हा ती सुमारे २०० न्यूटनला तुटली, म्हणजे वीसएक किलोच्या ओढीला. युरियाची गोणी ४५ किलोची असते, तिच्या निम्म्याहूनही कमी. एवढ्या नाजूक पट्टीवर आपण आयुष्यभर चालतो, पळतो, डोक्यावर भारा घेऊन धुऱ्यावरून जातो. ती एरवी टिकते, कारण मांडीचे स्नायू ओझं वाटून घेतात. स्नायू दमलेले किंवा अशक्त असले की सगळा भार तिच्यावर येतो.

बाहेरच्या बाजूचा पदर जाड आणि ताठ असतो. मांडीच्या बाहेरून, कमरेपासून टोंगळ्यापर्यंत एक लांब पट्टा येतो, त्याच्याशी हा पदर जोडलेला आहे. म्हणून कमरेचे आणि कुल्ल्याचे स्नायू आखडले की ओढ थेट वाटीपर्यंत पोचते. या पदरात संवेदना नेणारे बारीक मज्जातंतूही भरपूर आहेत. कित्येकांचं दुखणं हाडात नसून या पदरातच असतं, आणि ते बोटाने दाबून दाखवता येतं.

वाटी कशी निसटते

वाटी निसटण्याचे प्रकार बहुतेक दहा ते वीस या वयात होतात, मुलींमध्ये जास्त. आणि ती जवळजवळ नेहमी बाहेरच्या बाजूलाच निसटते. कबड्डीत चढाई करताना पाऊल रोवलेलं राहतं आणि अंग वळतं, हे एक ठरलेलं चित्र. पण यवतमाळ जिल्ह्यात दुसरंही एक चित्र आहे. पावसाळ्यात काळ्या कापसाच्या जमिनीचा चिखल पाय धरून ठेवतो. डोक्यावर ओझं असलेली बाई हाक ऐकून वळते. अंग वळतं, पाऊल वळत नाही, टोंगळा आत कलतो आणि कट् असा आवाज होऊन वाटी बाहेर जाते. रस्त्यावर घसरलेल्या दुचाकीवरूनही असं होतं.

त्या क्षणी काय करायचं हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असावं. माणसाला उभं करू नका. पाठीला टेकू देऊन बसवा, टाचेखाली आधार देऊन पाय अगदी सावकाश सरळ होऊ द्या. तो सरळ होत असताना बहुतेक वेळा वाटी आपोआप जागेवर येते. येत नसेल तर जोर करू नका. त्या आकारातच पायाला आधार द्या आणि दवाखाना गाठा. वाटी बसवण्याआधी हाडाचा तुकडा उडाला आहे का हे पाहावं लागतं, आणि जोराने ढकललं तर खाचेच्या कडेवर घासून कुर्चा, म्हणजे हाडाच्या टोकावरचा गुळगुळीत थर, खरचटतो. पाय बांधायला शेतात सगळं मिळतं: तीन-चार सरळ तुराट्या किंवा पऱ्हाटीच्या जाड काड्या, त्यांना गुंडाळायला दुपट्टा, आणि मांडीवर व पोटरीवर दोन ठिकाणी बांध. टोंगळ्यावर बांधू नका. पावलं गार पडली, बोटं बधिर झाली किंवा काळपट दिसली तर बांध लगेच सैल करा. माठातल्या पाण्यात भिजवलेलं फडकं वाटीवर ठेवा, बर्फ मिळाला तर फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं. वाहन नसेल तर १०८ ला फोन करा.

आणि हे करू नका: गरम तेलाची मालिश, शेक, "झटका देऊन बसवणं". पहिल्या तीन दिवसांत शेक आणि चोळणं यांनी रक्तस्राव वाढतो. हाडवैद्याकडे जाण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. घरच्यांना लवकर आराम पडावा म्हणूनच लोक तिथे जातात, हे मला ठाऊक आहे. पण फाटलेल्या पदराला चोळून कोणी जोडू शकत नाही, आणि हाडाचा तुकडा सांध्यात पडलेला असेल तर चोळण्याने तो कुर्चा खरवडतो.

सूज केव्हा आली याची वेळ नीट लक्षात ठेवा. डॉक्टरला सांगण्यासारखी यापेक्षा मोलाची माहिती नाही. दोन-चार तासांतच टोंगळा भोपळ्यासारखा फुगला असेल तर आत रक्त साचलं आहे, म्हणजे पदर, पट्टी किंवा हाड यांतलं काहीतरी फाटलं-तुटलं आहे. सूज दुसऱ्या दिवशी हळूहळू आली असेल तर बहुधा ते सांध्याचं पाणी असतं.

आता एक्स-रेबद्दल, कारण बहुतेक घोळ इथेच होतो. एक्स-रेत हाड दिसतं, पदर दिसत नाही. "फोटो नॉर्मल आहे" हे ऐकून लोक दुसऱ्याच दिवशी कामावर जातात आणि दोन महिन्यांत वाटी पुन्हा निसटते. फोटो नॉर्मल असणं म्हणजे हाड ठीक आहे, एवढंच. डॉक्टरांना विचारा, टोंगळा थोडा वाकवून वाटीच्या वरून घेतला जातो तो 'स्कायलाइन' फोटो काढायचा का? त्यात वाटी खाचेत मधोमध आहे की बाहेर झुकली आहे हे कळतं. पदर कुठे फाटला, हाडाचा किंवा कुर्च्याचा तुकडा उडाला का, याचं उत्तर एमआरआय देतो. पण प्रत्येक दुखणाऱ्या टोंगळ्याला एमआरआय लागत नाही. रक्त साचलेलं असेल, सांधा अडकत असेल किंवा वाटी दुसऱ्यांदा निसटली असेल, तर मात्र खर्च टाळू नये.

पहिल्यांदाच वाटी निसटली असेल आणि तुकडा पडलेला नसेल, तर बहुतेक रुग्णांना ऑपरेशन लागत नाही. काही आठवडे पट्टा किंवा ब्रेस, मग व्यायाम. पण वाटी पुन्हा पुन्हा निसटू लागली, तर दर वेळी आतला पदर आणखी सैल होतो आणि कुर्चा झिजतो. अशा रुग्णांना मांडीच्या मागच्या बाजूची एक शीर घेऊन ती पट्टी नव्याने बांधण्याचं ऑपरेशन करतात, ते चांगलं रुळलेलं आहे. मैदानावर परतायला मात्र किमान चार-सहा महिने, कधी त्याहून जास्त लागतात.

पडल्यावर पाय उचलता येतो का

दुचाकीवरून टोंगळ्यावर आपटून वाटीच तडकते, तेव्हाही या पदराचं महत्त्व कळतं. वाटी आडवी मोडली तरी दोन्ही बाजूंचे पदर शाबूत असतील, तर मांडीची ओढ पदरांतून नळीच्या हाडापर्यंत पोचते आणि माणूस पाय सरळ उचलू शकतो. पदरही फाटले असतील तर वाटीचा वरचा तुकडा मांडीकडे ओढला जातो, मधे बोट जाईल एवढी खाच लागते, आणि कितीही प्रयत्न केला तरी टाच खाटेवरून उठत नाही. म्हणून पडल्यावर लगेच पाहायची गोष्ट ही: उताणं झोपून पाय सरळ ठेवून टाच वीतभर वर उचलता येते का? येत नसेल तर ते ऑपरेशनचं लक्षण मानून चाला आणि त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञाकडे जा. वाटी जागेवर असेल आणि पाय उचलता येत असेल, तर बऱ्याच रुग्णांचं चार ते सहा आठवड्यांच्या प्लास्टरवर किंवा ब्रेसवर भागतं. कधी नुसत्या दुखण्यामुळेही पाय उचलला जात नाही. अशा वेळी डॉक्टर साचलेलं रक्त काढून, सांध्यात बधिर करणारं औषध देऊन पुन्हा उचलायला सांगतात. जखम उघडी असेल तर एकही तास दवडू नये.

फोटोत वाटीच्या वरच्या बाहेरच्या कोपऱ्यात एक गोल तुकडा वेगळा दिसला तर घाबरू नका. काही जणांची वाटी मुळातच दोन भागांची असते, ते मोडलेलं हाड नव्हे. दुसऱ्या टोंगळ्याचाही फोटो काढला की बऱ्याचदा उलगडा होतो.

न पडता, न मुरगळता हळूहळू वाढणारं दुखणं वेगळं. निंदणाच्या दिवसांत मजूर बाया तासन्‌तास उकिडव्या बसून सरकत सरकत तण काढतात. सपाटीवर चालताना वाटीवर शरीराच्या वजनाच्या निम्मा दाब येतो, जिना चढताना तिप्पट आणि पूर्ण उकिडवं बसून उठताना सात-आठ पट. पन्नास किलो वजनाच्या बाईच्या वाटीवर प्रत्येक उठण्याला साडेतीनशे किलोहून जास्त. शिवाय टोंगळा वाकला की बाहेरचा पदर ताणला जातो, आणि तो मुळातच आखडलेला असेल तर वाटीला बाहेरच्या कडेवर दाबून धरतो. बाहेरची कड दुखते, बसून उठताना कळ येते, बसच्या सीटवर पाय दुमडून दोन तास काढले की टोंगळा जड होतो. पोलीस भरतीसाठी रोज पळणाऱ्या पोरांचंही हेच.

हे दुखणं तपासायला लेखाच्या सुरुवातीची कृती पुन्हा करा. वाटीचे मनाने उभे चार समान भाग करा. मांडी सैल असताना वाटी आतल्या बाजूला एक-दोन भाग सरकायला हवी. एक भागही सरकत नसेल तर बाहेरचा पदर आखडला आहे. बाहेरच्या बाजूला तीन भागांहून जास्त सरकत असेल किंवा सरकवताना "आता निसटेल" अशी भीती वाटत असेल तर आतला पदर सैल आहे. त्या वेळी तपासणं थांबवा, पुढचं डॉक्टरांनी पाहायचं.

आखडलेल्या पदरासाठी दुर्बिणीतून बाहेरचा पदर कापून सैल करण्याची सोपी शस्त्रक्रिया एके काळी सर्रास केली जाई. पुढे कळलं की नुसतं ते कापून निसटणारी वाटी थांबत नाही, आणि जास्त कापलं तर वाटी उलट आतल्या बाजूला निसटू लागते. म्हणून कोणी पहिल्याच भेटीत ती शस्त्रक्रिया सुचवली तर दुसऱ्या तज्ज्ञाला नक्की दाखवा. टोंगळ्यात दर महिन्याला सुई घेणं आणि रोज वेदनाशामक गोळी खाऊन कामावर जाणं यांनाही माझा ठाम विरोध आहे. गोळ्या मूत्रपिंडावर परिणाम करतात, आणि पदर तसाच आखडलेला राहतो.

आपल्या जिल्ह्यात आणखी दोन गोष्टी डोक्यात ठेवाव्या लागतात. पांढरकवडा, झरी जामणी या पट्ट्यातल्या बऱ्याच बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असावं, दुसरा स्रोत नसेल तर जास्तीत जास्त दीड, अशी मर्यादा आहे. वाढत्या वयात ते जास्त गेलं आणि आहारात कॅल्शियम कमी पडलं तर मुलांचे पाय वाकतात, टोंगळे एकमेकांना घासू लागतात. असा पाय म्हणजे वाटीवर कायमची बाहेरची ओढ. मुलाचे दात पिवळट-तपकिरी पट्ट्यांचे असतील आणि टोंगळे आत वळलेले असतील तर पाण्याची तपासणी करून घ्या. ग्रामपंचायतीमार्फत ती होते. दुसरी गोष्ट सिकलसेल, हा रक्ताचा आनुवंशिक आजार. आदिवासी कुटुंबातल्या मुलाचे सांधे मार न लागता वारंवार दुखत असतील, तर पदराचा विचार करण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात सिकलसेलची चाचणी करा.

उपचारासाठी पुसद, दारव्हा, पांढरकवडा येथील उपजिल्हा रुग्णालयं आणि यवतमाळचं श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ही जिल्ह्यातलीच ठिकाणं आहेत. हे महाविद्यालय १९८९ मध्ये सुरू झालं. राळेगावकडच्यांना सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालयही फार दूर नाही. उमरखेडहून यवतमाळला यायला मात्र शंभर किलोमीटरच्या आसपास अंतर पडतं, म्हणून निघण्याआधी फोन करून अस्थिरोग विभागाचा बाह्यरुग्ण दिवस विचारून घ्या. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कोणती शस्त्रक्रिया बसते हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून आधीच पक्कं करा, राशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा.

घरी करायचे व्यायाम

हे मुरलेल्या दुखण्यासाठी आहेत. ताज्या दुखापतीत आणि ऑपरेशननंतर डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट सांगतील तेव्हाच सुरू करा.

पहिला अगदी साधा. पाय लांबवून बसा, टोंगळ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवा, टोंगळ्याने तो खाली दाबा, पाच आकडे मोजा, सोडा. दहा वेळा, दिवसातून तीनदा. मांडीचा आतला भाग वाटीच्या वर फुगतो का हे बोट ठेवून पाहा, त्याला जागं करणं हाच उद्देश. दुसरा: उताणं झोपून एक पाय दुमडा, दुसरा सरळ ठेवून वीतभर उचला, पाच आकडे धरा. तिसरा लोक टाळतात, पण माझ्या मते तोच सर्वांत मोलाचा: कुशीवर झोपा, दोन्ही टोंगळे दुमडा, टाचा जुळलेल्या ठेवून वरचा टोंगळा शिंपला उघडावा तसा उघडा. याने कुल्ल्याचे स्नायू बळावतात आणि चालताना टोंगळा आत कलत नाही. चौथा: मांडी सैल सोडून वाटी अंगठ्यांनी आतल्या बाजूला सरकवा आणि वीस-तीस आकडे तशीच धरा. बाहेरचा आखडलेला पदर याने हळूहळू मोकळा होतो. वाटी निसटण्याचा इतिहास असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा करू नका. व्यायामाने थोडं ताणल्यासारखं वाटणं ठीक, पण दुसऱ्या दिवशी सूज आली तर निम्मं करा. फरक पडायला सहा ते बारा आठवडे लागतात. दुसऱ्याच आठवड्यात सोडून देणाऱ्यांची संख्या मोठी आहे, म्हणून हा आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

शेतातल्या कामात बदल करताना मजुरीचा विचार करावाच लागतो. उकिडवं बसूच नका असं मी सांगणार नाही, ते पाळता येणार नाही. पण लांब दांड्याचं खुरपं किंवा सायकल कोळपं वापरता आलं तर उभ्याने काम होतं. बसूनच निंदायचं असेल तर वीतभर उंचीचं हलकं लाकडी बसकं सोबत न्या, त्याने टोंगळा पूर्ण दुमडत नाही. दर अर्ध्या तासाने उठून दोन्ही पाय सरळ झटका. उठताना आधी हात जमिनीवर किंवा मांडीवर टेका, पूर्ण उभं राहा, मग वळा. उठता उठता वळायचं नाही. डोक्यावर ओझं असताना मागे पाहायचं झालं तर कमरेतून वळू नका, दोन्ही पावलं चिखलातून उचलून आख्खं अंग फिरवा.

वाटी एकदा निसटलेल्या माणसाने निंदणाला परत केव्हा जावं? माझी फूटपट्टी अशी आहे: सूज पूर्ण गेलेली, दुखऱ्या पायाची मांडी वाटीच्या चार बोटं वर मोजली तर चांगल्या पायाच्या मांडीपेक्षा फार तर एक सेंटिमीटरने बारीक, एका पायावर उभं राहून थोडंसं वाकून परत सरळ होता येतं आणि तसं करताना टोंगळा आत कलत नाही. या तिन्ही गोष्टी जमल्या तर पहिल्या आठवड्यात अर्धा दिवस, सुक्या जमिनीत, आणि बसकं सोबत.